पाचशेच्या मुद्रांकावरचा ‘लिव्ह-इन करारनामा’: पाचपैकी दीड

कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्यांकडे भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, कुलमुखत्यारपत्र यांच्या पंगतीत आता हाही नमुना येऊन बसलाय. पाचशेचा मुद्रांक, तीन-चार पानं, दोघांचे फोटो, दोन साक्षीदार आणि शेवटी नोटरीचा लाल शिक्का. घटस्फोट झालाय, पदरी मूल आहे, दुसरं लग्न ठरलंय पण व्हायचंय, आणि तोवर एकत्र राहायचंय, अशांच्या हातात तो ‘सेफ्टीसाठी’ म्हणून दिला जातो.

मुळात महाराष्ट्रात दोन सज्ञान, अविवाहित माणसांनी एका घरात राहायला कुठलाच कागद लागत नाही. तो गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच स्पष्ट केलं आहे. नोटरीच्या शिक्क्याने लग्नही लागत नाही. लग्नाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करू नयेत, असं केंद्राच्या विधी खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना बजावलं होतं. मग या पानांत उरतं काय?

सगळ्यात घातक वाक्य पहिल्याच पानावर असतं: ‘आम्ही पती-पत्नीप्रमाणे राहत आहोत.’ आधीच्या जोडीदाराकडून स्वतःसाठी दरमहा पोटगी चालू असेल, तर हे वाक्य म्हणजे आपल्याच सहीचा पुरावा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५, पोटकलम ३ खाली कोर्ट अशा कारणावरून पोटगी कमी किंवा बंद करू शकतं. मुलाची पोटगी वेगळी. ती आईबापांच्या अशा राहण्याने बुडत नाही. पण दोन्ही रकमा हुकुमात एकाच आकड्यात लिहिल्या असतील तर वाद नक्की, म्हणून आधी हुकूम काढून आकडे वेगळे आहेत का ते बघावं. घटस्फोटाच्या निकालावर अपिलाची ९० दिवसांची मुदतही त्याच कागदावरून मोजावी. त्याआधी लग्नाचे बेत नकोत.

दुसरं कलम: ‘दुसरा पक्ष मुलाचं पालकत्व स्वीकारत आहे.’ हे निव्वळ शाईचा नाश. पालकत्व करारनाम्याने हस्तांतरित होत नाही. १९५६च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात तर सावत्र आईबाप ‘आईबाप’ या शब्दातही बसत नाहीत. उलट मुलाच्या ताब्याचा वाद पुन्हा उघडला, तर हेच पान समोरचा वकील आधी काढील. नुसतं एकत्र राहण्याने ताबा जात नाही, कोर्ट मुलाचं हित बघतं: मूल झोपतं कुठे, शाळा किती लांब पडली, दुसऱ्या पालकाची भेट चुकते का.

तिसरं कलम अर्धवट कामाचं. ‘एकमेकांच्या मालमत्तेवर हक्क सांगणार नाही’ याने भांडी, गाडी, फ्रीज कोणाचा हे ठरतं, आणि दीड गुण त्याचेच. मात्र २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं स्त्रीचं संरक्षण अशा सहीने सोडून देता येत नाही. शेवटी बऱ्याचदा ‘हा करार ११ महिन्यांनी आपोआप रद्द होईल’ असंही सापडतं. भाडेकराराच्या फाइलवरच नवं नाव टाकलंय, दुसरं काय.

तेवढेच पैसे दुसरीकडे घालावेत. पहिला कागद, भाड्याच्या घराचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाडेकरारच, दोघांचीही नावं घालून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, त्यामुळे तो नको म्हणाला तर कायदा तुमच्या बाजूला. भाडं ८,००० आणि अनामत २५,००० धरली तर ११ महिन्यांचं मुद्रांक शुल्क ०.२५ टक्क्याने सव्वादोनशेच्या आसपास येतं. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० आणि ऑनलाइन हाताळणीचे ३०० वेगळे. अडतं ते अंगठ्यापाशी. काजूच्या कारखान्यात टरफलाच्या तेलाने बोटं झिजलेल्यांचा ठसा यंत्र घेत नाही. आधारचे ठसे आधी अपडेट करून जावं, नाहीतर फेरी फुकट.

स्वतःचं घर असेल तर प्रकरण खोल जातं. कोकणात घर बहुधा सामायिक, सातबारावर पंधरा-वीस नावं. लग्नाआधी जोडीदार गेला तर वारसा कायद्यात तुम्ही कोणीच नाही, आणि बारावं होण्याआधी भाऊबंद कुलूप घेऊन दारात. यावर उपाय मृत्युपत्र, तेही फक्त त्याच्या स्वतःच्या हिश्शापुरतं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. पण ज्याला मिळायचंय त्यालाच साक्षीदार करू नये. ही चूक फार होते.

मुलासाठी खरा कागद म्हणजे आधीच्या जोडीदाराशी झालेल्या तडजोडीच्या अटींत बदल. ‘अर्धी दिवाळी, अर्धी मे महिन्याची सुट्टी’ असा साचा मुंबई-पुण्याकडचा. आपल्याकडे भांडण होतं ते गणपतीवरून, मग शिमग्यावरून, कारण मूल कोणाच्या गावच्या घरात असणार हा प्रश्न तेव्हाच येतो. चतुर्थी कोणाकडे आणि गौरीविसर्जन कोणाकडे, हे तिथीसकट लिहून अर्ज त्याच कोर्टात द्यावा. हुकुमात मुलाला कोर्टाच्या हद्दीबाहेर नेण्याला बंदी असेल तर चिपळूणहून कुडाळला बिऱ्हाड हलवण्याआधीही परवानगी घ्यावी. शाळेतून मूल आणायला नव्या जोडीदाराच्या फोटोसकट साधं अधिकारपत्र चालतं. शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी मात्र आईबापांपैकीच कोणीतरी हवं.

आणि लग्न नोंदणी पद्धतीने करायचं असेल तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि घटस्फोटाच्या हुकुमाची प्रमाणित प्रत लागते. झेरॉक्स घेत नाहीत. नोटीस फलकावर लागते, म्हणजे गावाला कळणार हे धरून चालावं. गणपतीआधी सही व्हायला हवी असेल तर नोटीस गटारीच्या आत द्यावी. तिथून ३० दिवस मोजले की चतुर्थीला जेमतेम चारेक दिवस उरतात, आणि त्यातही एखादा रविवार येऊ शकतो.