सेल्युलर ॲपल वॉच: यवतेश्वर घाटात झकास, परदेशात जपून

साताऱ्यात सेल्युलर घड्याळाचं, म्हणजे फोन जवळ नसतानाही स्वतः मोबाईल नेटवर्क पकडणाऱ्या ॲपल वॉचचं, गिऱ्हाईक मुख्यतः पळणारं. पहाटे यवतेश्वर घाट चढायचा, फोन घरी चार्जिंगला, मनगटावर फक्त घड्याळ. घरून फोन आला तर चालता चालता उचलता येतो. कासच्या बाजूला रेंज तुटते हे सातारकराला सांगायला नको, पण एरवी या कामासाठी घड्याळ चोख आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. असे घाट चढून तयार झालेला पळणारा पुढे बर्लिन, लंडनच्या मॅरेथॉनचं, नाहीतर दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या लांब पल्ल्याच्या शर्यतीचं नाव काढतो. मग काउंटरवर ठरलेला प्रश्न येतो, नुसतं जीपीएसवालं घ्यावं की सेल्युलर? अलीकडच्या सीरिजमध्ये दोन्हींच्या किमतीत सुमारे दहा हजारांचा फरक आहे. "घ्या की, बाहेरच्या देशात पण चालतंय," असं उत्तर मिळालं तर लगेच कार्ड काढू नये.

आधी घड्याळ चालतं कसं ते बघू. घड्याळातलं ई-सिम (आतच बसवलेलं डिजिटल सिम) वेगळं असतं, पण कंपनी ते फोनच्याच नंबराला जोडून देते. भारतात एअरटेल आणि जिओ २०१८ पासून ही सोय देतात. फोनचं सिम ज्या कंपनीचं, त्याच कंपनीचा प्लॅन घड्याळात बसतो. घड्याळ आधी ब्लूटूथने फोन शोधतं, तो नसेल तर ओळखीचं वाय-फाय, आणि दोन्ही नसतील तरच स्वतःचं मोबाईल नेटवर्क. म्हणूनच खिशात फोन ठेवून "नेट चालतंय की" म्हणण्यात अर्थ नाही, तेव्हा नेट फोनचंच असतं. खरी चाचणी करायची तर फोन पूर्ण बंद करा, घरच्या वाय-फायच्या टप्प्याबाहेर या आणि कंट्रोल सेंटर उघडा. सेल्युलरचं बटण हिरवं असेल तर घड्याळ स्वतःच्या नेटवर्कवर आहे. पांढरं असेल तर प्लॅन चालू आहे, पण घड्याळ अजून फोनला किंवा वाय-फायला चिकटलेलं आहे.

आता परदेश. ॲपलने घड्याळात आंतरराष्ट्रीय रोमिंग आणलं ते वॉचओएस ९.१ या घड्याळाच्या सॉफ्टवेअरपासून, आणि तेही सीरिज ५ किंवा त्यापुढची, एसई आणि अल्ट्रा एवढ्या मॉडेल्सवरच. त्यामुळे जुनी सीरिज ३ किंवा ४ सेल्युलर कोणी स्वस्तात देत असेल तर ती साताऱ्यापुरती घ्या. घड्याळ नवं असलं तरी निर्णय ॲपलच्या हातात नाही, सिम कंपनीच्या हातात आहे. फोनवर रोमिंग पॅक मारला म्हणजे घड्याळालाही लागला, असं होत नाही. घड्याळाचं रोमिंग ही वेगळी सोय आहे आणि ती सगळ्याच कंपन्या देत नाहीत. म्हणून निघण्याआधी कस्टमर केअरला दोनच प्रश्न विचारा: माझ्या घड्याळाच्या ई-सिमवर परदेशात रोमिंग चालतं का, आणि मी जातोय त्या देशात चालतं का. उत्तर चॅटवर किंवा मेलवर घ्या, तोंडी 'हो सर' वर विसंबू नका. सोय असेल तर घड्याळाच्या सेटिंग्जमध्ये सेल्युलरमध्ये जाऊन डेटा रोमिंग चालू करावं लागतं. ते आपोआप चालू होत नाही.

सगळ्यात मोठा घोळ ट्रॅव्हल ई-सिमचा आहे. ऑनलाईन मिळणारं पाच-दहा जीबीचं डेटा ई-सिम फोनमध्ये मजेत चालतं, आणि मग वाटतं की तोच क्यूआर कोड घड्याळातही चालेल. ॲपल वॉचमध्ये तो टाकायची जागाच नाही. प्लॅन फक्त फोनमधल्या वॉच ॲपमधून, आणि ज्या कंपनीची घड्याळाची सोय आहे तिच्याकडूनच चढतो. नुसत्या डेटाच्या ई-सिमला जोडायला नंबरही नसतो. फोन खिशात ठेवला तर त्याच ई-सिमचं नेट ब्लूटूथवरून घड्याळाला मिळतं, पण मग सेल्युलरसाठी दिलेले दहा हजार कशाला?

यापेक्षा वाईट चूक म्हणजे परदेशात घड्याळ अनपेअर करणं, म्हणजे फोनशी असलेली जोडणी तोडणं. काही अडलं की लोक 'काढून पुन्हा जोडू' म्हणतात. अनपेअर करताना विचारलं जातं, सेल्युलर प्लॅन ठेवायचा की काढायचा. तिथे 'काढा' वर बोट पडलं तर प्लॅन परत चढवायला भारतातल्या कंपनीची पडताळणी आणि ओटीपी लागतो. भारतीय सिम रोमिंगच्या भीतीने बंद करून ठेवलं असेल तर ओटीपीही येत नाही. त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा, सिम चालू ठेवा. आणि विमानाच्या आदल्या रात्री घड्याळाला सॉफ्टवेअर अपडेट लावू नका.

घड्याळाचं मॉडेलही बघावं लागतं. फोनमध्ये भरपूर बँड (मोबाईल नेटवर्कच्या लहरींचे पट्टे) असतात, घड्याळात जागा कमी म्हणून बँडही मोजके, आणि बऱ्याच सीरिजमध्ये अमेरिकेचं मॉडेल वेगळं, युरोप-आशियाचं वेगळं. अमेरिकेतून भावाने आणलेलं घड्याळ म्हणून इथे कमजोर पडू शकतं, आणि इथलं तिथे. घड्याळाच्या माहितीत मॉडेल नंबर असतो. ॲपलच्या वेबसाईटवरच्या बँडच्या यादीत तो शोधून त्या देशाच्या कंपनीच्या बँडशी ताडून बघा.

पळणाऱ्याचा खरा शत्रू मात्र बॅटरी. सीरिज ६ च्या वेळी ॲपलने दिलेले आकडे असे: नुसत्या जीपीएसवर बाहेरचा व्यायाम ७ तास, जीपीएस आणि एलटीई (म्हणजे मोबाईल नेटवर्क) दोन्हीवर ६ तास, एलटीईवर बोलणं दीड तास. साडेचार तासांच्या मॅरेथॉनला हे पुरतं. कॉम्रेड्सची वेळमर्यादा १२ तास आहे, तिथे साधी सीरिज अर्ध्यात झोपेल, अल्ट्राकडेच बघावं लागेल. सिग्नल कमजोर असला की घड्याळ नेटवर्क शोधत राहतं आणि बॅटरी आणखी वेगाने उतरते. रोमिंग नसेल तर शर्यतीत सेल्युलर बंदच ठेवा. गाणी आधीच घड्याळात उतरवून ठेवा. अंतर आणि वेग मोजायला डेटा लागत नाही, फक्त नव्या देशात पहिल्यांदा जीपीएस पकडायला वेळ लागतो, तेव्हा सुरुवातीआधी मोकळ्या जागी दोन-तीन मिनिटं उभं राहून व्यायामाचं ॲप उघडा.

सेल्युलर चालत असेल तर मात्र एक सोय खरोखर कामाची आहे. फोन हॉटेलवर राहिला तरी घरच्यांना दिसणारं ठिकाण फोनचं नाही, मनगटावरच्या घड्याळाचं जातं. रस्त्याकडेला टाळ्या वाजवायला उभ्या असलेल्या घरच्यांना याचं मोल कळतं.

हॉटेलच्या वाय-फायवर भरवसा ठेवू नका. खोली नंबर आणि आडनाव विचारणाऱ्या वाय-फायवर घड्याळ सहसा अडतं. ते पान घड्याळात भरता येत नाही.

प्लॅन नसतानाही मिळणारी एक गोष्ट आहे: सीरिज ५ पासूनचं आणि एसईचं सेल्युलर घड्याळ बहुतेक देशांत बाजूचं बटण दाबून धरल्यावर तिथल्या आणीबाणीच्या नंबरला फोन लावू शकतं. अट एवढीच की तिथे कोणत्या तरी कंपनीची रेंज हवी.

सॅमसंगच्या एलटीई घड्याळाची कथा फार वेगळी नाही. नंबर जोडणं आणि रोमिंग इथेही सिम कंपनीच्या मर्जीवरच. फरक व्हॉट्सॲपचा: वेअर ओएसवर, म्हणजे सॅमसंगच्या घड्याळात चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर, २०२३ पासून व्हॉट्सॲपचं स्वतंत्र ॲप आहे, त्यामुळे घड्याळाला कुठूनही नेट मिळालं की फोनशिवाय मेसेज जातो.

थोडक्यात घ्यावं कोणी? रोज घाटात पळणाऱ्याने सेल्युलर जरूर घ्यावं. वर्षातून एकदा आठ दिवस बाहेर जाणाऱ्याने फक्त त्यासाठी घेऊ नये. जीपीएसवालं घड्याळ, कमरेच्या पट्ट्यात मावणारा छोटा फोन आणि त्यात ट्रॅव्हल ई-सिम एवढ्यात त्याचं भागतं. मुलाकडे सहा महिने राहायला निघालेल्यांचं गणित निराळं. ड्युअल सिम आयफोनमध्ये तिथल्या कंपनीची दुसरी लाईन घेऊन, ती कंपनी घड्याळाची सोय देत असेल तर, त्याच घड्याळात तिथला प्लॅन चढवता येतो. घड्याळात एकाहून जास्त प्लॅन राहतात, चालू मात्र एका वेळी एकच. ही सोय तिथेही सहसा पोस्टपेडवर मिळते, विमानतळावरच्या प्रीपेड सिमवर नाही. परत येताना तिथला प्लॅन आधी बंद करा आणि मगच इथला निवडा, नाहीतर साताऱ्यात बसून तिकडचं बिल भरत राहाल.