जुन्या गाडीला नवा फ्युएल पंप: १८ महिन्यांच्या वापरानंतर

माझी गाडी १९९९ सालची, पेट्रोलवर चालणारी, मल्टिपॉइंट इंजेक्शनची (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल देणारी) आहे. टाकीत बुडवून बसवलेला, पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा तिचा मूळ पंप कित्येक वर्षे विनातक्रार चालला. पुढे मात्र सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागू लागला, चढावर गाडी गचके खाऊ लागली आणि एके दिवशी ती भर रस्त्यात बंद पडली, ती टाकीच्या बुडाशी रबरी हातोडीने हलके ठोकल्यावरच सुरू झाली. ठोकल्यावर पंप फिरू लागतो तेव्हा पंपाच्या मोटारीचे कार्बन ब्रश (तिच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) झिजलेले असण्याची शक्यता सर्वांत मोठी असते. असा पंप पुन्हा कुठे अडेल याचा नेम नसतो, म्हणून तो त्याच आठवड्यात बदलायचे ठरवले.

घाईत घेतलेला पहिला पंप आठ महिन्यांत गेला. उत्पादकाचे नाव मी घेत नाही, कारण चुकीचा काही वाटा आमचाही होता, हे नंतर उघडकीस आले. त्याच्या खोक्यावर तो कोणकोणत्या गाड्यांना चालतो याची लांबलचक यादी होती. परंतु किती दाबाला, किती व्होल्टला, तासाला किती लिटर पेट्रोल तो देतो, याबद्दल एक ओळही नव्हती. आज मी पंप निवडताना सर्वांत आधी हेच आकडे शोधतो आणि ज्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ते सापडत नाहीत तो पंप विचारातही घेत नाही.

या तीन आकड्यांना एवढे महत्त्व का, ते सांगतो. नुसते ‘तासाला इतके लिटर’ म्हणण्याला काही अर्थ नसतो, कारण मोकळ्या नळीतून भरपूर पेट्रोल सोडणारा पंप ३ बार (बार हे दाबाचे एकक) दाबाविरुद्ध ढकलताना त्याहून बरेच कमी देतो, आणि व्होल्टेज उतरले की त्यातूनही घट होते. त्यातच प्रत्येक प्रणालीची गरज निराळी असते. कार्बोरेटरच्या गाडीला ०.२ ते ०.३ बारच्या आसपासचा दाब पुरतो. तिला इंजेक्शनचा पंप जोडला तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोट चेंबरची, येणारे पेट्रोल रोखणारी सुई दाबापुढे टिकत नाही आणि पेट्रोल ओसंडते. माझ्यासारख्या गाडीला साधारण ३ बार लागतात, तर के-जेट्रॉनिक ही बॉशची यांत्रिक इंजेक्शन प्रणाली असलेल्या जुन्या गाड्यांना ५ बारच्या घरात. मोठा पंप म्हणजे अधिक भरवशाचा, ही समजूतही सोडून द्यावी. गरजेपेक्षा फार जास्त पेट्रोल आले की रिटर्नची (उरलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी) नळी आणि दाब नेमका ठेवणारा रेग्युलेटर यांना ते आवरत नाही, रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब चढतो आणि परत टाकीत जाणारे पेट्रोल विनाकारण तापते.

दुसऱ्या वेळी मी बॉशचा पंप घेतला. माझ्या गाडीच्या प्रणालीसाठी नेमलेला पार्ट नंबर, दाब आणि प्रवाह हे सगळे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट दिलेले होते. खरेदी करताना पंपाच्या अंगावर कोरलेला नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला, कारण नामांकित कंपन्यांच्या पंपांची नक्कल बाजारात सर्रास असते आणि ती खोक्यावरून ओळखू येतेच असे नाही. नामांकित कंपनीचा माल निर्दोषच असतो, असे मात्र मी म्हणणार नाही. २०२० साली डेन्सोने बनवलेल्या पंपांमुळे टोयोटा आणि होंडा यांना लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पंपातला प्लास्टिकचा इम्पेलर (पेट्रोल ढकलणारी फिरती चकती) पेट्रोल शोषून फुगत होता आणि आतल्या आत घासत होता. पण तो दोष शोधला गेला, जाहीर झाला आणि कोणत्या गाड्यांत ते पंप आहेत हे नेमके सांगता आले. निनावी पंपाच्या बाबतीत यातले काहीच होऊ शकत नाही, आणि माझ्या दृष्टीने जास्त पैसे मोजण्याचे खरे कारण हेच आहे.

आता आमच्या चुकीविषयी. नवा पंप बसवण्यासाठी टाकी उघडली तेव्हा पंपाच्या तोंडाशी बसणारी जुनी गाळणी हातात घेऊन पाहिली. मुळात पांढरी असलेली नायलॉनची ती पिशवी तपकिरी झाली होती आणि बोटांत चोळल्यावर गंजाची बारीक कच लागत होती. पहिल्या पंपाच्या वेळी आम्ही तीच गाळणी परत लावली होती. तुंबलेल्या गाळणीतून पेट्रोल ओढताना पंपावर ताण येतो आणि तिच्यातून निसटलेली कच पंपाला आतून खाते, म्हणून नव्या पंपाला नवी गाळणी लावलीच पाहिजे आणि टाकीचा तळ पुसून कोरडा केलाच पाहिजे. त्याहून गंभीर गोष्ट कनेक्टरमध्ये सापडली: एका पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडले होते. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पंपाच्या प्लगवर जेमतेम ११.६ व्होल्ट मिळत होते. म्हणजे दोन व्होल्टांहून अधिक वाटेतच जिरत होते, आणि ते कोणताही नवा पंप भरून काढू शकत नाही. कनेक्टर, रिले आणि अर्थिंगची तार बदलल्यावर ही घट ०.३ व्होल्टवर आली.

संपूर्ण मॉड्यूल (पंपासह टाकीत बसणारा पूर्ण जोड) घ्यावे की नुसता पंप, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. टाकीतली पातळी दाखवणारा तरफेचा फ्लोट, रेग्युलेटर आणि प्लास्टिकचे भांडे ठीक असेल तर नुसता पंप पुरतो, आणि मी तेच केले. मात्र टाकीच्या आतली रबरी नळी बदलताना फसगत होते. बाहेर चालणारी साधी इंजेक्शनची नळी पेट्रोलमध्ये बुडून राहिली की फुगते आणि भेगाळते. आत एसएई जे ३० आर १० या (पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठीच्या) प्रतीचीच नळी लागते, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल वापरत असाल तर या बाबतीत तडजोड नकोच. झाकणाची ओ-रिंगही नवी घ्यावी. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी, रेलमधला दाब उतरवावा आणि टाकी शक्यतो रिकामी असावी.

पहिले दोन दिवस मागच्या सीटखालून भुणभुण ऐकू येत होती. पंपाभोवतीची रबरी बाही बसवायची आमच्याकडूनच राहिली होती. ती चढवल्यावर आवाज थांबला. गेज लावून पाहिले तेव्हा रेग्युलेटरची व्हॅक्यूमची (इंजिनाच्या हवेच्या मार्गाला जोडलेली) नळी काढल्यावर दाब ३ बार आणि जोडल्यावर आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालत असताना, २.५ बार मिळाला. रिटर्नच्या नळीतून ३० सेकंदांत ०.७ लिटर पेट्रोल आले. साधारण अर्धा लिटर आले तरी अशा गाडीला पुरेसे मानतात. इंजिन बंद केल्यावर २० मिनिटांनीही रेलमध्ये २ बारहून अधिक दाब टिकून होता, म्हणजे पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) नीट बसतो आहे. सकाळचा लांबलेला सेल्फ याच कारणाने गेला.

त्यानंतर टाकी पावाच्या खाली जाऊ द्यायची नाही, हा नियम मी पाळतो, कारण पंपाची मोटार तिच्याभोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहते. गेल्या आठवड्यात, बरोबर १८ महिन्यांनी, तेच गेज आणि तोच मल्टिमीटर पुन्हा लावला. दाब ३ बार, तारेतली घट ०.३ व्होल्ट, आणि चढावर एकही गचका नाही.