साताऱ्यातली छत्री दुरुस्ती: काय करून घ्यावं, काय नाही

मे संपत आला की साताऱ्याच्या बाजारपेठेत बंद दुकानाच्या ओट्यावर, नाहीतर पत्र्याच्या आडोशाला गोणपाट अंथरून छत्रीवाले बसायला लागतात. पुढ्यात पक्कड, कानस, छोटी हातोडी, दाभण, तारेचं वेटोळं आणि मोडक्या छत्र्यांच्या सांगाड्यांची मोळी. पाटी नाही, बिल नाही. तरीही पावसाळ्यात गावात मिळणाऱ्या सेवांमध्ये या कामाला मी वरचा नंबर देईन. अट एकच, आपली छत्री नेमकी कुठे बिघडलीय हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. नुसतं "मामा, एवढी नीट करा" म्हणून पुढे केली तर दिसतंय तेवढंच काम होतं, आणि पुढच्या मोठ्या सरीत ती दुसरीकडून सुटते.

आपल्याकडची छत्री पावसात जेवढी खराब होते, तेवढीच ती पडून राहून होते. नॉर्वेच्या किनाऱ्यावरचं बर्गन पावसासाठी प्रसिद्ध आहे. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण बारा महिन्यांत विभागून, त्यामुळे तिथली छत्री सतत हाताळली जाते. आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. हस्त संपला की छत्री कपाटावर जाते ती मृगालाच खाली येते. घडीत राहिलेली ओल काड्यांच्या सांध्यांत गंज धरते, टोकाचा दोरा कुजवते, खटक्याची स्प्रिंग मारते. म्हणून जूनच्या पहिल्या वाऱ्यात एकदम इतक्या छत्र्या मोडतात.

सगळ्यात जास्त येणारं काम टोकांचं. कापडाचा कोपरा काडीच्या टोकाला असलेल्या बारीक भोकातून शिवलेला असतो, तो सुटतो. काम साधं, पण नीट करणारे आणि उरकणारे यांतला फरक इथेच कळतो. चांगला कारागीर आधी जुना दोरा पूर्ण काढतो आणि भोकाच्या कडेवरून कानस फिरवतो, कारण गंजलेली कड पात्यासारखी धारदार होते आणि नवा दोराही कापते. मग मेण लावलेला नायलॉनचा दोरा चार-पाच वेळा फिरवून गाठ आतल्या बाजूला घेतो. गाठ बाहेर राहिली की छत्री मिटताना ती घासते. एक टोक सुटलं असेल तर आठही शिवून घ्या. बाकीच्या सातांचा दोरा त्याच वयाचा असतो, त्याला वेगळं आयुष्य मिळत नाही.

काडी मोडली असेल तर ती कुठे मोडलीय ते बघा. छत्रीत आठ लांब काड्या आणि त्यांना खालून उचलणाऱ्या आठ आखूड काड्या असतात. दोन्ही जिथे जोडल्या जातात तिथेच लांब काडी बहुतेक वेळा मोडते, कारण वाऱ्याचा सगळा वाक तिथे येतो आणि नेमकं तिथेच भोक पाडलेलं असतं. काडी मध्येच, सांध्यापासून दूर मोडली असेल तर दीड-दोन इंचांची पत्र्याची पट्टी गुंडाळून पक्कडीने आवळली तरी चालतं, ती टिकते. सांध्यावर मात्र पट्टी लावून घेऊ नका. तिथे काडीच बदलायला सांगा. सांगाड्यांची ती मोळी याच कामासाठी असते.

बदललेली काडी लांबीला तंतोतंत जुळली पाहिजे. लांब दांड्याच्या छत्र्यांत २३ आणि २५ इंचांच्या काड्या जास्त चालतात, आणि अर्ध्या इंचाचाही फरक पचत नाही. काडी लांब झाली तर तिथलं कापड ताणून शिवण उसवते. आखूड झाली तर त्या बाजूचं कापड झोळ धरतं, पाणी साचतं, वाऱ्यात फडफडतं. पैसे देण्याआधी छत्री उघडून डोळ्यांसमोर धरा आणि हळूहळू फिरवा. आठही टोकं एका पातळीवर फिरली पाहिजेत. एक टोक वरखाली झालं तर तिथेच परत द्या. कारागीर वाईट वाटून घेत नाहीत, हे तपासणारं गिऱ्हाईक त्यांना आवडतं.

एकदम सगळ्या काड्या निसटून छत्री हातात लोंबकळली की लोक ती फेकून देतात. हे चुकीचं आहे. डोक्याशी असलेल्या खाचांमध्ये सगळ्या काड्या एकाच बारीक तारेत ओवलेल्या असतात, ती तार तुटली एवढंच झालेलं असतं. वर-खाली सरकणाऱ्या कड्यालाही तशीच तार असते. नवी तार ओवून पीळ दिला की छत्री परत उभी राहते. दिसायला भयंकर, दुरुस्तीला सोपं. फक्त पिळाचं टोक आत दाबलंय ना, ते बोट फिरवून बघा. बाहेर राहिलेलं टोक आठवड्यात कापडाला भोक पाडतं.

कापडाच्या भोकाला गोंद लावणाऱ्याकडे जाऊ नका. गोंदाची जागा कडक होते आणि मिटताना तिच्या कडेनेच कापड फाटतं. ठिगळ आतून, कापडाचा ताण ज्या दिशेला आहे त्याच दिशेने, सुती दोऱ्याने शिवलेलं हवं. सुती दोरा भिजला की फुगतो आणि सुईची भोकं स्वतःच बुजवतो. नायलॉन ते करत नाही. म्हणजे टोकांना नायलॉन आणि कापडाला सुती. कारागिराकडे दोन्ही रिळं आहेत का, एवढं पाहिलं तरी त्याच्या कामाचा अंदाज येतो.

दांड्यावरून पाणी उतरून मुठीपर्यंत येत असेल तर कापड दोषी नसतं. माथ्यावरची छोटी टोपी सैल झालेली असते. ती खाली दाबून घट्ट बसवायची, पाच मिनिटांचं काम. खटका अडकत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दोन-चारदा उघडमीट आणि लगेच फडक्याने पुसणं. तेल कापडावर उतरलं की त्याचा डाग जात नाही.

आता काय दुरुस्त करून घेऊ नये. बटण दाबलं की उघडणारी आणि मिटणारी तीन घडीची छत्री. तिच्या दांड्यात स्प्रिंग आणि दोरी असते, ती ओट्यावर बसून धड होत नाही, आणि दुरुस्तीसाठी खोललेला दांडा जोरात उसळून लागू शकतो. फायबरच्या काड्यांचाही विचार करून निर्णय घ्या. वाऱ्यात उलटी झाली तर फायबर वाकून परत सरळ होतं, स्टीलची काडी वाकते ती वाकतेच. बोगद्यापाशी किंवा यवतेश्वरच्या घाटात वारा खिंडीतून दाबून येतो, तिथे रोज जाणाऱ्याला म्हणूनच फायबर बरं. पण फायबर मोडलं की त्याची बारीक कुसळं निघतात, त्यावर पत्र्याची पट्टी आवळली तर ते आणखी चिरतं, आणि जुळणारी काडी मोळीत क्वचितच सापडते. गावातल्या गावात, चालत फिरणाऱ्यांनी स्टीलच्या आठ काड्यांची, लाकडी मुठीची लांब काळी छत्रीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. तिचं प्रत्येक अंग बदलता येतं.

रेट आधी विचारा, तोही कामागणिक: टोकांचे वेगळे, काडीचे वेगळे. सगळं मिळून नव्या छत्रीच्या निम्म्यावर जात असेल आणि कापडही विरलेलं असेल, तर थांबा. कापड उजेडाकडे धरा, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके जागोजागी दिसले तर त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. वेळेचं म्हणाल तर मृगाआधीचा आठवडा उत्तम. पाऊस लागल्यावर रांग लागते आणि ओल्या कापडाचा ताण नीट जोखता येत नाही.

नीट जुळवलेल्या छत्रीत पावसाचं रूपच बदलतं, आणि हे शोभेचं बोलणं नाही, ताणाचा परिणाम आहे. कापड सगळीकडे सारखं ताणलेलं असलं की थेंब टणक वाजतात, पाणी शिवणींवरून घरंगळत आठ टोकांवरूनच सुटतं आणि माणूस त्या आठ धारांच्या आत कोरडा राहतो. झोळ असेल तर आवाज बद्द येतो आणि धार थेट खांद्यावर. राजपथावरून सकाळी शाळेची पोरं जातात तेव्हा काळ्या कापडावर निळं ठिगळ, सात टोकांना पांढरा दोरा आणि एकाला तांबडा, अशा छत्र्या नजरेला पडतात. दुकानात टांगलेल्या कोऱ्या छत्र्यांपेक्षा त्या मला कितीतरी देखण्या वाटतात, कारण कुणीतरी त्यांच्याकडे नीट पाहिलेलं त्यांत दिसतं.

घरी आल्यावर छत्री उलटी, मूठ वर करून दारात टेकवू नका. पाणी माथ्याच्या तारेत साचतं आणि तीच तार पुढच्या वर्षी तुटते. अर्धी उघडून मूठ खाली ठेवा, म्हणजे पाणी टोकांकडून निघून जातं. दसऱ्याच्या सुमारास ठेवून देताना दिवसभर सावलीत पूर्ण उघडी वाळवा, सांध्यांना तेलाचं फडकं फिरवा, आणि पट्टा न आवळता सैल गुंडाळून उभी ठेवा. अगदीच निकामी झालेली छत्री भंगारात देण्याऐवजी ओट्यावरच्या मामांकडे नेऊन द्या. तिच्या चांगल्या काड्या त्यांच्या मोळीत जातात आणि दुसऱ्या कुणाच्या छत्रीला जुळतात.