टेक्निक हब आणि दोन जातींच्या मोटारी: स्वतःचा ट्रक बांधणारीच्या नजरेतून

आधीच सांगते, डब्यावरचं चित्र बघून हुबेहूब तसंच मॉडेल जोडणाऱ्यांना या रिव्ह्यूचा फारसा उपयोग नाही. हब कुठे बसवायचा, वायर कुठून न्यायची, हे त्यांच्यासाठी कंपनीने ठरवून ठेवलेलं असतं. मी बोलतेय ते लेगोच्या पॉवर्ड अप मालिकेतला टेक्निक हब (८८०१२, म्हणजे सेल पोटात ठेवून मोटारींना वीज आणि हुकूम देणारी पेटी), एल मोटार (८८०१३) आणि एक्सएल मोटार (८८०१४) सुट्या घेऊन आपल्या मनातली गाडी उभी करणाऱ्यांशी. माझ्या मनात सहाचाकी ट्रक होता. मागची चार चाकं ओढणारी, पुढची दोन वळणारी, टायर ८१.६ मिलिमीटर व्यासाचे, आणि सतरंजीची कड आली की दम न टाकणारा.

दिवसभर मी मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढते. त्यामुळे असेल कदाचित, पण मोटार किती जोरात पळते यापेक्षा ती सांगितलेल्या जागी थांबते का, हे मी आधी बघते. या मोटारींचं खरं मोल तिथेच आहे. दोन्हींच्या पोटात एन्कोडर आहे. आपण किती अंश फिरलो हे मोटारीला कळतं आणि ती ते हबला कळवते. २००७ साली आलेल्या जुन्या पॉवर फंक्शन्सच्या साध्या मोटारींना हे येत नव्हतं. वीज दिली की फिरायचं, काढली की थांबायचं, एवढंच. त्या मालिकेत नंतर स्टिअरिंगसाठी सर्व्हो, म्हणजे ठरावीक कोनात वळून थांबणारी मोटार, आला, तो मधली जागा आणि दोन्ही बाजूंना सात-सात टप्पे धरायचा. ट्रकला तेवढं पुरतं, पण सर्व्होचा फेर दोन्हीकडे पाव-पाव चक्कर, बस्स. त्या पाव चकरेत चाक पुरेसं वळवायचं म्हणजे सगळी जोडणी सर्व्होच्या मर्जीने करायची.

आता उलटं झालंय. स्टिअरिंग मला हवं तसं बांधायचं आणि मोटारीला ते शिकवायचं. माझ्या ट्रकमध्ये एल मोटार पुढच्या ॲक्सलच्या वर आडवी झोपवलीय. तिच्याकडून १२ दातांचं गिअर २० दातांच्या गिअरला फिरवतं, आणि त्याच दांड्यावरचं ८ दातांचं छोटं गिअर दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकवतं. ट्रक चालू केला की मोटार आधी हळूच डावीकडे जाते, पट्टी अडेपर्यंत. तो कोन लक्षात ठेवते. मग उजवीकडे अडेपर्यंत. दोन्हींचा मध्य काढून तिथे येऊन थांबते. हे बघायला मला अजूनही मजा येते. चाकं इकडून तिकडे बघितल्यासारखी करतात आणि नाकासमोर सरळ होतात. एक पथ्य मात्र पाळायचं. कडा शोधताना मोटारीला पूर्ण ताकद द्यायची नाही, ४० टक्क्यांच्या आतच ठेवायची, नाहीतर पट्टी अडल्यावर सगळा जोर पिनांवर येतो आणि पुढची चौकट वाकते. यापूर्वी एका दुसऱ्याच कंपनीचा स्वस्त सर्व्हो वापरला होता, त्याचा मध्य दर वेळी केसभर सरकायचा आणि गाडी सरळ म्हणून सोडली की भिंतीकडे झुकायची. ती कटकट आता संपली.

एक्सएल मोटारी दोन लावल्यात, दोन्ही एकाच दांड्यावर. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलेली सापडत नाही. एन्कोडर असल्यामुळे या मोटारींना दोन प्रकारे हुकूम देता येतो: ‘इतक्या वेगाने फिर’ किंवा ‘इतक्या ताकदीने ढकल’. एकाच दांड्यावरच्या दोन मोटारींना वेगाचा हुकूम दिला, तर प्रत्येक जण आपापला वेग सांभाळायला बघतो. एकीला वाटतं आपण मागे पडलो, दुसरीला वाटतं आपण पुढे गेलो, आणि दोघी एकमेकींविरुद्ध झटत बसतात. मोटारी गरम, सेल रिकामे. ताकदीचा हुकूम दिला की दोघी निमूट एका दिशेने ओढतात. प्रोग्रामिंग नको वाटत असेल तर जोडणीत एकच मोटार ठेवा, तेही वाईट नाही.

गिअरबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण गाडी चालते की रडते हे तिथेच ठरतं. लेगोच्या गिअरचा व्यास मिलिमीटरमध्ये साधारण दातांइतकाच असतो, म्हणजे २४ दातांचं गिअर २४ मिलिमीटरचं. दोन बटणांमधलं (तुकड्यांवरच्या गोल उंचवट्यांमधलं) अंतर ८ मिलिमीटर. म्हणून दोन गिअरच्या दातांची बेरीज करून १६ ने भागली की दांडे किती बटणं लांब ठेवायचे ते कळतं. ८ आणि २४, किंवा १२ आणि २०: बेरीज ३२, अंतर दोन बटणं. ८ आणि ४०: तीन बटणं. १६ आणि २४ घेतलीत तर अडीच येतं, आणि मग अर्ध्या बटणाचे तुकडे शोधत बसावं लागतं. हे एकदा डोक्यात बसलं की कागदावरच अर्धी गाडी तयार होते.

माझ्या ट्रकमध्ये मोटारीपासून १२ ते २०, आणि तिथून १२ दातांचं शंकूच्या आकाराचं गिअर २८ दातांच्या डिफरन्शियलला (वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीला). म्हणजे मोटारीच्या जवळजवळ ३.९ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. चाकाचा परीघ साधारण २५६ मिलिमीटर, तेव्हा चाक मिनिटाला साठ वेळा फिरलं तर ट्रक १५ मीटरच्या आसपास जातो. ट्रकला शोभेल असाच वेग. भाच्याला मात्र तो पटला नाही. ‘मावशी, हा ट्रक आहे की कासव?’ त्याला म्हटलं, वर दोन जाडजूड पुस्तकं ठेव आणि मग सतरंजीवर चढवून दाखव. चढला. मग त्याने तिसरं ठेवलं आणि मागून ‘कट् कट्’ ऐकू आलं. १२ आणि २८ ची जोडी जोर वाढला की दात सोडते, कारण भोवतालची चौकट ताणली जाऊन गिअर एकमेकांपासून दूर सरकतात. दोन्ही बाजूंनी बीम (भोकांच्या लांब पट्ट्या) आवळून टाकले की हे बरंच थांबतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे वेग कमी करण्याचं काम डिफरन्शियलच्या पुढे, चाकाजवळ करणं. २०१९ च्या ४२०९९ या ऑफ-रोडर सेटबरोबर आलेले प्लॅनेटरी हब (हे चाकाच्या मध्यात बसणारे गिअरचे डबे, सेलवाला हब वेगळा) नेमके यासाठीच आहेत. चाकाच्या आतच ५.४ ला १ असा वेग उतरतो, त्यामुळे मधले दांडे आणि जोड यांच्यावर पीळच कमी येतो. पुढच्या गाडीत तेच घालणार आहे.

आता हब. चार पोर्ट (मोटारीची वायर खोचायच्या जागा), आत कलणं आणि वळणं ओळखणारा सेन्सर, ब्लूटूथ. जुन्या इन्फ्रारेड रिमोटसारखं गाडीच्या डोळ्यात बघत, ऊन चुकवत फिरावं लागत नाही, हे सुख आहे. पण हब मोठा आहे आणि त्यात सहा एए सेल. साधे अल्कलाइन घेतले तरी नुसत्या सेलचं वजन १४० ग्रॅमच्या आसपास. मी तो केबिनच्या मागे, दोन मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर ठेवला, म्हणजे वजन ओढणाऱ्या चाकांवर पडतं आणि ती घसरत नाहीत. छान दिसणारी बॉडी आधी बांधून ‘हब कुठेतरी कोंबू’ म्हणणाऱ्यांना हा हब रडवणार. हब, मोटारी, वायर आधी, बॉडी शेवटी. सेल बदलायला हात पोचेल एवढी जागाही तेव्हाच सोडायची. रिचार्जेबल सेल घालणार असाल तर १.२ व्होल्टचे सहा म्हणजे ७.२ व्होल्टच होतात, अल्कलाइनच्या ९ च्या मानाने गाडी थोडी मंद वाटेल. मला चालतं. सारखे सेल फेकून देण्यापेक्षा बरं.

खटकणारी गोष्ट म्हणजे प्लग. पॉवर फंक्शन्सचे प्लग एकावर एक चढवता यायचे, एका जागेवरून दोन मोटारी चालायच्या. इथे एक पोर्ट, एक मोटार. दोन एक्सएल आणि एक एल लावली की एकच पोर्ट उरतो. ट्रकला डंपरची ट्रॉली उचलायची, क्रेनही फिरवायची म्हटलं की दुसरा हब आला, म्हणजे आणखी सहा सेल. वायरही मोटारीतूनच निघते, ठरलेल्या लांबीची. जास्तीची घडी घालून बीमखाली दडवावी लागते.

कंपनीचं ॲप वाईट नाही. ठोकळे जोडून प्रोग्राम करता येतो, पण गाडी चालवायला फोन हातात लागतो आणि काचेवर स्टिअरिंग फिरवताना बोटाला काहीच कळत नाही. मी हबवर पायब्रिक्स टाकलं. हे मुक्त स्रोत फर्मवेअर, म्हणजे हबच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर बदलणारं, आहे, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम हबमध्येच राहतो आणि फोन बाजूला ठेवून छोट्या ८८०१० रिमोटने ट्रक हाकता येतो. वर सांगितलेली मध्य शोधायची युक्ती त्यातच काही ओळींत लिहिली. हवं तेव्हा मूळ फर्मवेअर परत टाकता येतं, म्हणून भीती नाही.

स्क्रीनवर डिझाइन करायला ब्रिकलिंकचं स्टुडिओ फुकट मिळतं. तुकडे एकमेकांत घुसले तर लगेच दाखवतं. पण घर्षण आणि चौकटीचा लवचिकपणा त्याला दिसत नाही. स्क्रीनवर लोण्यासारखी फिरणारी गिअरची रांग हातात आली की आखडते. म्हणून मागचा ॲक्सल आणि मोटारी एवढंच आधी खरोखर बांधून, बोटाने फिरवून बघावं. एका बोटाने सहज फिरलं नाही तर मोटारीलाही जड जाणार.

पाचपैकी चार तारे. एक तारा प्लगचा कापला. पहिल्यांदाच घेणाऱ्यांनी हब, एक एक्सएल आणि एक एल एवढ्यावर सुरुवात करावी, दुसरी एक्सएल चढ चढवायची वेळ आली की बघता येईल. आणि तुमची आवड तळहातावर मावणाऱ्या छोट्या गाड्यांची असेल तर हा हब घेऊच नका. दोन पोर्टांचा, सहा एएए सेलवाला ८८००९ बघा, त्याच्याशी तो रिमोट फोनशिवाय थेट जुळतो.