व्हेरिएबलचा तक्ता आणि कोऱ्या चिठ्ठ्या: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

मुलांना प्रयोगातले चल (व्हेरिएबल), म्हणजे प्रयोगात बदलू शकणाऱ्या गोष्टी, शिकवायला तीन रकान्यांचा तक्ता मिळतो ना, बदलायचं काय, मोजायचं काय, तसंच ठेवायचं काय, आणि सोबत चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्या, तो मी नऊ ते बारा वर्षांच्या मुलांबरोबर गेले बरेच महिने वापरतेय. घ्यावा का असं विचाराल तर जरूर घ्या, नाहीतर पुठ्ठ्यावर स्वतः आखा, काम तेच होतं. पण त्याचा खरा उपयोग कुठे होतो आणि तो कुठे कमी पडतो ते नीट सांगते, कारण पाकिटावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

आधी जमेची बाजू. प्रयोगात जे जे बदलू शकतं ते सगळं मुलांनी एकेका चिठ्ठीवर लिहायचं, मग त्यातली एकच उचलून पहिल्या रकान्यात लावायची, तिथे जागाच एका चिठ्ठीची असते. उरलेल्या सगळ्या आपोआप तिसऱ्या रकान्यात जातात. हे हाताने होतं म्हणून डोक्यात बसतं. स्वतंत्र चल, अवलंबी चल, नियंत्रित चल ही तिन्ही रकान्यांची अनुक्रमे नावं मी नंतर सांगते, तोवर मुलांना त्यांचं काम कळलेलं असतं, त्यामुळे पाठ करावी लागत नाहीत.

लंबकावर तर हा तक्ता फारच छान चालतो. जड गोळा लावला की झोका लवकर होणार असं जवळजवळ सगळ्याच मुलांना वाटतं. पियाजे आणि इनहेल्डर या मानसशास्त्रज्ञांनीसुद्धा मुलं विचार कशी करतात हे बघायला हाच लंबक वापरला होता. आता यातली गंमत बघा. वजन वाढवायचं म्हणून मुलं एका वॉशरला खाली दुसरा वॉशर अडकवतात, त्याला तिसरा, आणि झोक्याला खरंच जास्त वेळ लागायला लागतो. मुलं लगेच लिहून मोकळी, की वजनाने फरक पडतो. पण माळ खाली खाली गेल्यामुळे वजनाचा मध्य पण खाली सरकलाय, म्हणजे लंबकाची लांबीच वाढलीय, आणि ‘लांबी’ची चिठ्ठी तर तिसऱ्या रकान्यात आहे! ती चिठ्ठी तिथे दिसत असली की कोणीतरी बोट दाखवतंच. मग सगळे वॉशर एकाच हुकात शेजारी शेजारी अडकवायचे, झोका लहान ठेवायचा, आणि वेळ जवळपास तोच येतो. नंतर लांबी बदलायला द्यायची. २५ सेंमीला १० झोके (जाऊन परत आला की एक झोका) साधारण १० सेकंदात होतात आणि १ मीटरला साधारण २० सेकंदात, म्हणजे लांबी चौपट केली तर वेळ दुप्पट. हे आकडे स्वतः काढल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

बियांच्या प्रयोगात मात्र तक्ता एकटा पुरत नाही, मोठ्या माणसाने प्रश्न विचारावे लागतात. रुजायला उजेड लागतो का हे बघायचं म्हणून एक वाटी खिडकीत आणि एक कपाटात ठेवतात, तिसऱ्या रकान्यात ‘पाणी सारखं’ असं लिहितात आणि सगळं बरोबर झालं असं समजतात. पण खिडकीतली वाटी जास्त तापते आणि लवकर सुकते, म्हणजे उजेडाबरोबर तापमान बदललं आणि ओलावाही. मी विचारते, दोन्ही वाट्या एकाच जागी ठेवता येतील का? मग कोणीतरी म्हणतं की एकीवर खोकं झाकू. छान, पण झाकणाखाली ओल टिकते, तर दुसरीवर पण तेवढंच पारदर्शक झाकण हवं ना? ही चर्चा लांबते, लांबू द्यावी, सगळं शिक्षण तिथेच आहे. मूग, मटकी यांच्या बिया अंधारातही रुजतात, नंतरची रोपं मात्र उंच, बारीक आणि पिवळट होतात, म्हणून रुजणं आणि वाढणं या दोन वेगळ्या चिठ्ठ्या हव्यात.

आता तक्रारी. एक तर मोजायच्या रकान्यात एकक लिहायला जागाच नाही, मुलं नुसतं ‘वाढ’ लिहितात, म्हणजे उंची का पानं का वजन काही कळत नाही. मी तिथे पेनाने ‘कशाने मोजणार’ अशी ओळ घातलीय. दुसरी तक्रार मोठी आहे, पुन्हा पुन्हा मोजण्यासाठी रकानाच नाही. एकदा १०.१ सेकंद आणि एकदा १०.४ आले की मुलं त्यालाच फरक समजतात, पण बोटाने स्टॉपवॉच दाबताना एवढं इकडेतिकडे होतंच. तीन वेळा मोजून तिन्ही आकडे शेजारी लिहिले की फरक खरा आहे का हाताचा आहे ते त्यांना स्वतःला दिसतं. काही सेटमध्ये चिठ्ठ्या आधीच छापलेल्या असतात, त्या घेऊ नका, चल शोधून काढायचं कामच मग मुलांकडे राहत नाही.

तिसरा रकाना मुलांना कंटाळवाणा वाटतो तेव्हा मी जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरची गोष्ट सांगते. १७४७ साली सॅलिसबरी जहाजावर त्याने स्कर्व्ही (क जीवनसत्त्व कमी पडून होणारा आजार) झालेले १२ खलाशी निवडले, जमेल तितके सारख्या अवस्थेतले, सगळ्यांना एकाच जागी ठेवलं, रोजचं जेवण एकच, आणि दोघा-दोघांच्या सहा जोड्यांना फक्त उपाय वेगळा दिला. संत्री-लिंबं मिळालेले दोघं सगळ्यात लवकर सुधारले. जेवण वेगवेगळं असतं तर काय झालं असतं, एवढं विचारलं की मुलं स्वतःच भांडायला लागतात.

वयाचं म्हणाल तर आठच्या खालच्या मुलांना तीन रकाने जड जातात, त्यांना फक्त ‘ही तुलना बरोबरीची आहे का?’ एवढंच विचारावं. बाराच्या वरच्यांना हा तक्ता लवकर अपुरा पडतो, कारण दोन गोष्टी मिळून काय होतं हे त्यात बसत नाही, तिथे सरळ वहीत आलेख काढायला लावलेलं बरं.