इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप उंच करायची: स्पेसर की पूर्ण सस्पेन्शन किट?
मित्र अडलाय. स्पेसर म्हणजे स्प्रिंगच्या वर बसवायची जाड चकती: स्वस्त, काम झटपट. पण स्प्रिंग आणि शॉक जुनेच राहतात. खड्ड्यात चाक खाली लटकलं की बॉल जॉइंट (चाकाचा गोल सांधा) आणि ड्राइव्ह शाफ्टवर (चाक फिरवणारा दांडा) ताण येतो. शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी बूट (आवरण) फाटून रिमच्या आत ग्रीसचे शिंतोडे दिसले तर गाडी लगेच दाखवा. किट महाग, पण मापाचे शॉक आणि मागे नवे पाटे मिळतात, माल भरल्यावर गाडी बसत नाही. रिकामी असताना दणके मात्र जास्त. दोन्हींत अलाइनमेंट, ब्रेक होज, हेडलाइट तपासाच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतले बदल) आड येतं, म्हणून आरटीओत आधी विचारा. डांबरी रस्ता, हलका वापर: स्पेसर चालेल. माल, कच्चा रस्ता: किटच. दोन इंचांपुढे दोन्ही नकोत.