नौपाड्यातला फ्रेमवाला आणि माझं बडोद्याचं एचिंग

ठाण्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीत फ्रेमचं एक चिंचोळं दुकान आहे. बाहेर साईबाबा, बालाजी आणि कुणाच्या तरी पंचाहत्तरीचा फोटो टांगलेला. रोज भाजीला जाता-येता बघायचे, पण आत शिरायचं धाडस होत नव्हतं. कारण वीसेक वर्षांपूर्वी एका फ्रेमवाल्याने (कुठल्या, ते जाऊ दे) माझ्या एचिंगची (अॅसिडने कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेल्या चित्राची) पार वाट लावली होती. मागून चारी बाजूंनी सेलोटेप, काच थेट कागदाला टेकलेली आणि माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, असा कापलेला की खालची पेन्सिलची सहीच गडप.

हे एचिंग १९८१चं, माझ्या होस्टेलच्या रूममेटने केलेलं. तारेवर वाळत घातलेले कपडे, बस्स.

बडोद्याला मी गेले त्याला कारण बाबांची अट. चित्रकला शीक, पण विद्यापीठाची पदवी हवी! १९७६ साली मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात सरकारी डिप्लोमा मिळायचा. सयाजीराव विद्यापीठात मात्र फाइन आर्ट्सची स्वतंत्र फॅकल्टी १९५०मध्येच सुरू झालेली, तिथे पदवी मिळे. तिथला चित्रकला विभाग मराठी चित्रकार ना. श्री. बेंद्र्यांनी उभा केला, हे ऐकून बाबा निम्मे विरघळले. बेंद्रे १९६६लाच तिथून बाहेर पडले होते, हे मी सांगितलं नाही. ग्राफिक्सला, म्हणजे छापचित्रांना, ज्योती भट्ट होते, न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आलेले. रूममेट त्याच खोलीत पडीक असायची, बोटांना कायम काळी शाई.

असो. दुकानदाराने चित्र हातात घेतल्यावर माझ्या भिंतीचा रंग विचारला नाही. फ्रेम पालथी घातली, खिळे एकेक करून काढले आणि माउंट उचलून कागद उजेडात तिरका धरला. मग कागदात दबलेल्या चौकोनावरून बोट फिरवत म्हणाला, "काकू, पत्र्याची ही खूण झाकायची नाही ना?"

मी बघतच राहिले. पत्र्यावर ओला कागद ठेवून प्रेसमधून काढला की हा खोलगट चौकोन उमटतो. एचिंगसारख्या छापचित्रांची ओळख तीच. त्याखाली पेन्सिलने '५/१२', म्हणजे बारा प्रतींतली पाचवी, आणि रूममेटची सही. माझ्याच घरात असून माउंटखाली गेल्यापासून मी ती पाहिली नव्हती. जे. जे.ची मुलं डिस्प्लेच्या आधी त्याच्याकडे कामं घेऊन येतात, त्यातून शिकलो म्हणाला.

त्याने अॅसिड-फ्री (कागद पिवळा न पाडणारा) माउंट घातला, काच आणि कागदात पाव इंच फट ठेवली, पाठीमागून तपकिरी कागद लावून सगळं बंद केलं. ठाण्याच्या पावसाळ्यात हे लागतंच. सेलोटेपचा पिवळा डाग मात्र तसाच आहे. "मी काढायला गेलो तर कागद जाईल," म्हणाला, आणि हात लावला नाही. मला हे फार आवडलं.

तक्रारीही आहेत. चार दिवस सांगून अकरा लावले, त्यात फोन उचलत नाही. ३,४०० रुपये झाले, तेही रोखच. मोल्डिंगचे नमुने बहुतेक सगळे सोनेरी आणि भडक, साधी काळी पट्टी मागून घ्यावी लागते. गाडी नेऊ नका, गल्लीत रिक्षाही वळत नाही.

फोटो रूममेटला पाठवला. तिचं उत्तर: "डावीकडचा परकर तुझा होता."